पहिलं ताट पोटुशीचं

हिराताई,

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेले मोठे टोप घासून परत केले, पडवीतली सतरंजी झटकून ठेवली. जो येत होता तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. स्वभावाने गरीब होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणत होते. मी ऐकून घेत होते. तू गरीब स्वभावाची नव्हतीस हे त्या माणसांना कुठून कळणार? ते मला माहीत आहे, आपल्या सासूला माहीत आहे, आणि माझी स्नेहल पोटात असताना त्या घराने जे पाहिलं ते ज्यांना आठवतं त्यांना माहीत आहे.

वालाच्या शेंगा तोडता तोडता तू बांधावर बसलीस आणि पुन्हा उठलीच नाहीस. शेंगांची पाटी अर्धी भरली होती. मी शेताच्या दुसऱ्या टोकाला होते. हाक मारली, तू ओ दिली नाहीस, तेव्हा मला वाटलं रागावलीस. सकाळीच आपलं वाजलं होतं. प्रतीक्षा न्याहारी न करताच धुणं घेऊन गेली होती आणि तू मला म्हणालीस की तुझं लक्ष कुठे होतं. मी म्हणाले, तुझी सून आहे, तू बघ. आता तुझी सून माझ्याकडेच आहे, ताई. मी बघते आहे.

मी मुरबाडकडची. लग्न होऊन शेणव्याच्या पुढे तुमच्या घरात आले तेव्हा गणेश तुझं बोट सोडून शाळेत जायला लागला होता. आपल्या घरात खायला कमी नव्हतं. कणगीत भात असायचा, मागच्या दारी कोंबड्या, बांधाला शेवगा. फक्त जेवायचा क्रम ठरलेला होता. आधी मामंजी आणि त्यांचे दोघे मुलगे, मग गणेश, मग आत्या. सासूला आपण दोघी आत्याच म्हणायचो. सगळ्यांचं झालं की चुलीपाशी आपण दोघी. टोप आपल्यापर्यंत येईस्तोवर तळाचा भात आणि आमटीचं पाणी उरायचं. कधी सुकटीच्या कालवणात नुसता रस्सा असायचा. मी माहेरीही असंच पाहिलं होतं, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तूही काही बोलायची नाहीस. दिवसभर राबून आलेली तू खाली मान घालून भाकरी चावत बसायचीस.

मला दिवस गेले तेव्हा आत्यांनी सांगून ठेवलं, पोटुशीनं हात राखून खावं. जास्त खाल्लं की पोर वाढतं आणि बाळंतपणाला अडतं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. शहापूरला न्यायला गाडी मिळायची नाही अशा काळात त्यांनी अडलेल्या बाया डोळ्यांसमोर गेलेल्या पाहिल्या होत्या. लहान पोर सुखाने बाहेर येतं, एवढं त्यांना कळलं होतं. लहान पोराचं पुढे काय होतं ते कुणी बोलायचं नाही.

पाचव्या महिन्यात तू मला शहापूरला तपासायला घेऊन गेलीस. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, पोटावर टेप लावला. म्हणाल्या, अंगात रक्त नाही आणि बाळ वाढायला पाहिजे तेवढं वाढलेलं नाही. आई उपाशी राहिली की बाळ कमी वजनाचं होतं, मग त्याला दूध ओढायची ताकद राहत नाही, अंगात ऊब धरत नाही, साधा सर्दीतापही त्याला झेपत नाही. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त घ्या, डाळ, पालेभाजी, अंडं, जमेल तशी मासळी, आणि रक्ताच्या गोळ्या चुकवू नका. मी हो हो म्हणत होते. तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. तुझी पहिली पोर जन्मून आठवडाभरात गेली होती हे मला कळलं होतं, पण या घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही. 

संध्याकाळी पुरुष जेवायला बसले. तू पहिलं ताट वाढलंस, पुरतं वाढलंस. भात, वर डाळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, दोन अंडी उकडून. आणि ते मामंजींपुढे न ठेवता त्यांच्या शेजारच्या पाटासमोर ठेवून मला म्हणालीस, "बस."

मी दारात उभीच राहिले. आत्या म्हणाल्या, "पुरुष जेवायचेत अजून."

"जेवतील ते. ते दोन जिवांचे नायत."

आमचे दादा, तुझे मालक, तुझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला दिसलं आणि भीती वाटली. मामंजींनी त्या ताटाकडे पाहिलं. मग ते पाटावरून जरासे सरकले, मला बसायला नीट जागा व्हावी म्हणून. एवढंच. पण त्या घरात तेवढं पुरलं. मी बसले आणि रडत रडत जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

पुढचे महिने आत्या तुझ्याशी बोलल्या नाहीत. काही सांगायचं तर गणेशला सांगायच्या, तो तुला येऊन सांगायचा. दादा तुला काय काय बोलले ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तू एकही दिवस चुकवला नाहीस. बाजारात जाणारी अंडी बंद केलीस. पोटुशीला अंडं गरम पडतं म्हणून शेजारच्या बायका सांगायला आल्या, तर त्यांना चहा पाजून परत धाडलंस. मला उलट्या व्हायच्या, अन्नाचा वास सोसायचा नाही, आणि तू पळी घेऊन समोर उभी. "दोन घास. मग ओक, मग आनखी दोन." नर्सबाईंनी सांगितलं होतं की गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी प्या, तर तू माझ्या हातातला कप काढून अंगणात ओतलास. त्या दिवशी मी तुला बरंच बोलले. माहेरी निघून जाईन म्हणाले. तू म्हणालीस, "जा. जेवून जा."

तेव्हा मला राग यायचा. घरात कोणी माझ्यासाठी भांडतंय याचं अप्रूप मला फार उशिरा वाटलं. तोवर तुला ते बोलून दाखवायची वेळ निघून गेली होती, आणि तुझ्यापुढे असं काही बोलायला गेलं की तू भांडी वाजवायला लागायचीस.

स्नेहल शहापूरच्या दवाखान्यात झाली. वजनकाट्यावर ठेवल्याबरोबर असली रडली की नर्स हसली. वजन चांगलं भरलं. तासाभरात ती अंगावर प्यायला लागली, आणि तू तिच्या हलणाऱ्या गालांकडे बघत राहिलीस. मग बाहेर गेलीस. बराच वेळ आली नाहीस, म्हणून मी यांना बघायला पाठवलं. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे तू भिंतीला डोकं टेकून रडत होतीस.

घरी आल्यावर तू मला पहिल्यांदा तिच्याबद्दल सांगितलंस. लावणीचे दिवस होते. तू सकाळपासून चिखलात वाकलेली, आणि दुपारी बांधावर सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पेज आणि मीठ. पोर घरातच झाली, एवढीशी, तळहातावर मावेल अशी. तोंडात स्तन दिला तर ओठ लावायची आणि दमून सोडून द्यायची. तिचे पाय गार पडायचे आणि तू ते छातीशी धरून बसायचीस. गणेशच्या वेळी तुझी आई तुला सहाव्या महिन्यातच माहेरी घेऊन गेली, दुधाभाताने आणि मासळीने पोसलं, आणि गणेश रांगडा झाला. दोन्ही गोष्टी तू मनात शेजारी शेजारी ठेवून इतकी वर्षं बघत होतीस.

मी तुला म्हणाले, ताई, त्यात तुझा दोष नव्हता. त्या दिवसापासून मी तुला अगंतुगं करायला लागले हे तुझ्या लक्षात आलं का?

तू म्हणालीस, "मग तुला खायला घालून मी काय केलं? खाण्यानं फरक पडतो ना? पडतो तर मी खाल्लं नाय म्हणूनच गेली ती."

आपण यावरून किती वेळा भांडलो असू. लावणीत, भात झोडताना, वाशिंदला कंपनीत यांचा अपघात झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसूनसुद्धा. मी म्हणायची, तेवढ्यानेच गेली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तू लहान वयाची होतीस, कामाने पिचलेली होतीस, त्या वर्षी हिवतापाने गावातली कितीतरी माणसं अंथरुणाला होती. तू म्हणायचीस, हे सगळं खरं, पण मी मागून घेतलं असतं तर? "तोंड होतं ना गो मला." आणि मग मी काहीही म्हटलं तरी तू ऐकायची नाहीस. गावात कुणाला दिवस गेले की तू तिच्या घरी जाऊन बसायचीस, तिच्या ताटात काय आहे ते डोळ्याने मोजायचीस. लोकांना वाटायचं हिराला फार चौकशा. मला ठाऊक होतं की तू अजून फेडते आहेस. जे तुझ्या माथी नव्हतंच ते फेडते आहेस, आणि मी तुला थांबवू शकत नाही. थांबवावं असंही वाटायचं नाही, कारण त्या बायांची पोरं धडधाकट होत होती.

आता तुझ्यामागे काय झालं ते सांगते.

तुला नेलं त्या दिवशी प्रतीक्षा काही खाईना. गणेश तिच्याकडे बघण्याच्या अवस्थेत नव्हता. घर पाहुण्यांनी भरलेलं. आलेल्या माणसांना आधी वाढायचं, पुरुषांना आधी वाढायचं, आणि घरची सून म्हणून सातव्या महिन्याचं पोट घेऊन वाढायला तीच उभी. जे आपण दोघींनी मोडलं होतं ते दुःखाच्या गडबडीत एका दिवसात परत येऊन बसलं. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणी पाहिलं नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी ती पाण्याच्या हंड्याजवळ भोवळ येऊन खाली बसली. आधीच तिचं रक्त कमी, तुला माहीतच होतं.

मी तिला आत नेऊन निजवलं आणि चुलीवर अंडी उकडायला ठेवली. सुतकात. कमळवन्सं आत आल्या, पातेल्यात बघून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "वयनीची चिता इझली नाय आणि तू घरात अंडी शिजवते?" मागोमाग चुलत सासवाही दारात येऊन थांबल्या.

ताई, मला तुझ्यासारखं पटकन बोलता येत नाही. पण मी म्हणाले, "सुतक आमाला आहे. पोटातल्याला नाय."

वन्सं काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आत्यांचा आवाज आला. त्यांना आता नीट दिसत नाही, मामंजी गेल्यापासून दिवसभर भिंतीला टेकून बसून असतात. "दे तिला," म्हणाल्या. "कोन काय बोलतंय ते मी बघतंय." मी अंडी सोलली, भातावर घालून प्रतीक्षाकडे नेली आणि ती संपवेपर्यंत तिच्याजवळ बसले.

दुपारी माणसं पांगल्यावर आत्यांनी मला जवळ बोलावलं. हाताने चाचपत माझं मनगट धरलं. मला वाटलं तुझी आठवण काढतील, रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हिराची पैली पोर. त्या येळेला घरात भात होता गो. मी वाढला नाय."

त्या तुटक तुटक बोलत होत्या. त्यांच्या सासूने त्यांना तसंच ठेवलं होतं. त्यांची स्वतःची दोन गेली होती, ती का गेली हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. सुनेवर त्यांनी तेच केलं, कारण तसंच करायचं असतं असं त्यांना वाटायचं. हिराने एकदा भात मागितला होता, म्हणाल्या. एकदाच, सुरुवातीला. तेव्हा त्यांनी तिला सगळ्यांसमोर खादाड म्हटलं होतं. मग तिने परत मागितला नाही.

तू मागितलं होतंस, ताई. तू इतकी वर्षं म्हणत राहिलीस की तोंड होतं ना मला. तू विसरली होतीस, की ती लाज तू इतकी खोल पुरली होतीस की तुझी तुलाच सापडली नाही?

मला आत्यांचा भयंकर राग आला. तुझी राख अजून गार व्हायची होती आणि त्या हे मला सांगत होत्या. मी विचारलं, हे ताईला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "ती इचारायची नाय. मी सांगायची नाय. तसाच टाइम गेला." मी मनगट सोडवून घेतलं आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. अजूनही मी त्यांना माफ केलेलं नाही. ते माझं कामही नाही. ते तुझं होतं.

पण आपल्या भांडणात मला जे म्हणता आलं नव्हतं ते मला त्या दारात कळलं. आईच्या खाण्याने पोराच्या जिवावर फरक पडतो, हे खरं. आणि तुझी पोर गेली त्यात तुझा दोष नव्हता, हेही खरं. तू मला म्हणायचीस दोन्हीतलं एकच खरं असू शकतं, आणि मी त्यातच अडकून पडायची. खायचं काम पोटुशीचं, पण तिच्यापुढे काय येणार, किती येणार आणि कधी येणार हे तिच्या हातात नसतं. ते पळी धरणाऱ्याच्या हातात असतं, अंडी बाजारात धाडणाऱ्याच्या हातात असतं, चिखलातून तिला 'वर ये' न म्हणणाऱ्याच्या हातात असतं. घरातले सगळे तुझ्या पोरीचे आई-बाप होते आणि कुणी वाढलं नाही. हे तुला समोर बसवून सांगायचं होतं. तू भांडी वाजवली असतीस. वाजवू दिली असती.

तेराव्यानंतर मी अंगणवाडीच्या बाईंना भेटले. त्या दर महिन्याला गरोदर बायांना बोलावतात, आहार सांगतात, पाकिटं देतात. बाया माना डोलवतात आणि घरी जाऊन सगळ्यांच्या शेवटी जेवतात. मी म्हणाले, सुनांना पुष्कळ सांगून झालं, आता सासवांना बोलवा. नवऱ्यांना बोलवा. बाई म्हणाल्या, येणार नाहीत. मी म्हणाले, मी आणते. तुझ्या नावाने घरोघर गेले. हिराने तुझ्या सुनेसाठी किती खेपा घातल्या आठवतं ना, असं विचारलं की कुणी नाही म्हणेना. थोडे पुरुषही आले, दारापाशी उभे राहिले. गणेश आला. आणि आत्यांनी स्वतःहून सांगितलं की मला न्या.

प्रतीक्षा आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना घेऊन गेलो. बाईंचं बोलून झाल्यावर आत्यांनी हात वर केला. मला जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, तितकंच, आणि खादाड म्हटल्याचंही सांगितलं. तुझा लेक तिथे बसून ऐकत होता. त्याला बहीण होती एवढंच माहीत होतं. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने येऊन आजीच्या शेजारी बसला. म्हातारी पुढे म्हणाली, "तुमच्याकडं भात असंल तर वाढा. मग मागं बसून रडायला माझ्यासारखी म्हातारी होऊ नका." घरी जाताना दोघीतिघी मला गाठून खालच्या आवाजात विचारू लागल्या, अंडं खरंच गरम पडत नाय ना? मी सांगितलं. आणि उद्या येऊन बघते म्हणाले, तू म्हणायचीस तशी.

बाळ कसं होईल हे मला माहीत नाही, ताई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की रक्त थोडं वर चढलंय, बाळ वाढतंय, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवते आहे. शेंगा तोडायचं राहिलेलं काम मी आणि स्नेहल करतो, प्रतीक्षाला शेतावर येऊ देत नाही. ती कुरकुरते, मला बसून कंटाळा येतो काकी म्हणते. मी ऐकत नाही.

काल संध्याकाळी सगळे एकदम बसले होते. दादा, हे, गणेश, स्नेहल, भिंतीपाशी आत्या, मध्ये प्रतीक्षा. ओल्या वालाचं कालवण होतं. मी कोशिंबिरीला काकडी चिरत होते आणि माझं लक्ष नव्हतं. प्रतीक्षाने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "काकी, भात वाढा आनखी."

मी वाढला. दादांनी आमटी ओढून घेतली, आत्यांनी मीठ मागितलं, गणेश मोबाईलवर काहीतरी बघत होता. सुनेने मागून घेतलं म्हणून कुणी मानही वर केली नाही.